वहिनींच्या नावावर झालेलं माझं बाळंतपण

माझी मुलगी जन्मली तेव्हा कागदावर मी तिची आत्या होते. आई होत्या माझ्या वहिनी. बाप म्हणून माझ्या सख्ख्या भावाचं नाव लागलं होतं. आणि माझा नवरा, ज्यानं दवाखान्याच्या पायरीवर बसून दहाही बोटांची नखं खाल्ली, तो त्या कागदात कुठंच नव्हता. हे सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसते. हसून झालं की जीव खाली खाली जातो, ते मात्र कुणाला दिसत नाही. वहिनी हे कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

माझं माहेर उमरगा तालुक्यात, अगदी हद्दीवर. गावातल्या शेवटच्या शेताचा बांध ओलांडला की कर्नाटक. आमच्या चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर सुद्धा मधूनच मेसेज येतो, कर्नाटकात तुमचं स्वागत आहे. तिकडं पेट्रोल स्वस्त म्हणून इकडची पोरं गाड्या भरायला तिकडं जातात, इकडचा बाजार मोठा म्हणून तिकडच्या बाया आठवड्याला इकडं येतात. सोयरिकींचं तर विचारूच नका. आमच्या बौद्ध वस्तीत दर दुसऱ्या घरातली एक तरी सून पलीकडची नाहीतर लेक पलीकडं दिलेली. मलाही आळंद तालुक्यात दिली. नवरा तुरीच्या डाळमिलमध्ये मशीनवर आहे. सासूबाई घरात कानडी बोलतात आणि भांडताना मराठी, म्हणजे मला एक शब्दही सुटू नये.

लग्न झालं की आमच्याकडं एक काम न सांगता उरकतात. पोरीचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी करून आणतात. तो दाखला घेतल्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही. हळद उतरायच्या आत आईनं दादाला तहसीलला पिटाळलं होतं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण तेवढ्यापुरतंच. आपलं नाव कुठल्या कार्डात आहे यावर कुठल्या दवाखान्यात फुकट उपचार होणार हे ठरतं, हे मला बी.ए. होऊनही माहीत नव्हतं. त्यांच्या सरकारची योजना त्यांच्या दवाखान्यात आणि आपल्या सरकारची आपल्या दवाखान्यात. काही कार्डं म्हणे देशभर चालतात. आमचं त्यातलं नव्हतं.

मिलमध्ये एकदा विम्याचा एजंट आला होता. त्याची पॉलिसी कुठल्याही राज्यात चालायची, हप्ता मात्र आमच्या पगाराला झेपणारा नव्हता, आणि बाळंतपणाचा खर्च मिळायला आधी काही वर्षं थांबायचं होतं. मला तर तिसरा महिना लागलेला. नवऱ्यानं त्याला चहा पाजला आणि पाठवून दिला. नंतर मला म्हणाला, मोबाईलचा नंबर कुठंही गेलं तरी आपलाच राहतो, मग दवाखान्याचं कार्ड का राहत नाही? मी म्हणलं, मला काय विचारता, तुमच्या मशीनला विचारा. तेव्हा ती चेष्टाच होती.

आता वहिनींबद्दल. दादाच्या लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. दादा उमरग्यात सेंट्रिंगच्या कामावर जातो. जे कमावलं ते सोलापूर-लातूरच्या डॉक्टरांना दिलं. आईनं त्यांना कधी तोंडावर काही टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. पण आमची आई तोंडानं बोलत नाही, भांड्यांनी बोलते. कुणाच्या घरी बारसं असलं की त्या दिवशी आमच्या मोरीत भांडी जरा जोरातच पडायची. वहिनी गुमान दुसरीकडं जायच्या.

माझं डोहाळजेवण झालं तेव्हा सगळा स्वयंपाक वहिनींनी केला. पुरण त्यांनी वाटलं, माझी वेणी त्यांनी घातली, केसांत मोगरा त्यांनी माळला. ओटी भरायची वेळ आली आणि आईनं त्यांना आत भजी तळायला पाठवलं. भजी आधीच तळून झाली होती. सगळ्यांना ते माहीत होतं. त्या उठल्या आणि आत गेल्या. मी पाटावर बसले होते, नटलेली, मांडीवर नारळ. वहिनींना पण भरू दे, एवढं चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. आज हे लिहिताना सुद्धा माझे कान गरम होतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडं ठरलेली गोष्ट. त्यावर सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, कार्ड इथलं, नाव इथं नोंदवलेलं, गुलबर्ग्याचा दवाखाना ओळखीचा, पोर इथंच होऊ दे, मग पाहिजे तितके महिने माहेरी ठेवा. बोलणं अगदी रास्त होतं. पण आईला ते झोंबलं. विहीणबाईला काय वाटतं, आम्हाला एक बाळंतपण झेपत नाही? लोक काय म्हणतील, लेकीला सासरीच बाळंत व्हायला लावली? दोघींचं फोनवर चांगलंच वाजलं. शेवटी मीच रडून नवऱ्याला तयार केलं. मला आईच्या हातचं खायचं होतं, मला माझ्या जुन्या खोलीत पालथं पडायचं होतं. त्यात काय मोठं मागत होते, असं मला वाटत होतं. सातव्यात मी माहेरी आले.

आठवा लागून थोडेच दिवस झाले असतील. दुपारी वहिनी ज्वारी पाखडत होत्या आणि मी शेजारी बसून त्यांचं डोकं खात होते, तेवढ्यात पाणी गेलं. मला कळलंच नाही काय झालं. वहिनींना कळलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मला धरून उठवलं आणि शेजारच्या टमटमवाल्याला हाक मारली. आई घाबरून कपाटाच्या किल्ल्या शोधत राहिली.

उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तपासलं. बाळ लहान आहे, काचेची पेटी लागेल आणि इथल्या पेट्या भरलेल्या आहेत, असं सांगितलं. खाजगीत न्या, योजनेत बसेल, कार्ड आहे ना? आई म्हणाली, आहे. खरं तर तिला तेव्हा फक्त तिचं स्वतःचं कार्ड आठवत होतं, ज्यातून तिनंच माझं नाव काढायला लावलं होतं.

खाजगी दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी बसली होती. तिनं माझं आधार बघितलं, पत्ता वाचला आणि म्हणाली, हे कर्नाटकचं आहे, इथल्या योजनेत बसणार नाही, पैसे भरा. किती ते तिनं सांगितलं. दादा तोवर कामावरून सिमेंटच्या हातानंच आला होता. त्यानं तो आकडा ऐकला आणि भिंतीला टेकला. गुलबर्ग्याला न्यायचं म्हणलं तर डॉक्टर म्हणाल्या, बाळ आडवं आहे, रस्त्यात काहीही होईल. मी बाकड्यावर आडवी पडून हे सगळं ऐकत होते. कळ आली की आवाज लांब जायचा, कळ गेली की परत जवळ यायचा.

मग आई वहिनींकडं वळली. मला ती नजर अजून दिसते. नऊ वर्षांत आईनं त्यांच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "तुजं आधार हाय ना पर्समधी?"

वहिनींना एका क्षणात सगळं समजलं. मलाही समजलं. मी कळांमध्ये होते, मला काही भान नव्हतं, असं सांगून सुटता आलं असतं. पण भान होतं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं, विचारल्यासारखं, आणि मी मान हलवली. त्यांनी पर्स उघडली. घरचं रेशनकार्ड दादानं आणलं होतं, त्यात त्यांचं नाव होतंच. आधारावरचा फोटो कुणाचाच कुणासारखा नसतो, आणि माझं तोंड तर सुजून भोपळा झालेलं. दुसऱ्या काउंटरवर बसलेल्या माणसानं ते कागद घेतले, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सही कुठं करायची ते दादाला दाखवलं. दादानं नवरा म्हणून सही केली.

ती चोरी होती. गोड बोलून तिला दुसरं नाव देता येत नाही. पण माझं पोर पोटात आडवं आलं होतं आणि मला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

नवरा पोचला तोवर मला आत घेतलं होतं. आईनं त्याला कोपऱ्यात नेऊन समजावलं, इथं तुम्ही बाळाचे बाप नव्हे, आत्याचे यजमान, नीट लक्षात ठेवा. तो गरीब माणूस पायरीवर जाऊन बसला. सिझर करून मुलगी झाली. मूठभर होती. मला एकदाच दाखवली आणि पेटीत नेऊन ठेवली.

पुढचे दिवस मला वहिनींच्या नावानं हाका मारत होते. पहिल्यांदा सिस्टरनं ते नाव पुकारलं तेव्हा मी गप्प, आणि बाजूला उभ्या वहिनींनी मात्र सवयीनं ओ दिली. मग आम्ही दोघी सावध झालो. वहिनींनी स्वतःची ओळख माझी नणंद अशी सांगितली होती, म्हणजे माझंच नाव. माझ्या नावानं त्या माझ्या उशाशी बसायच्या आणि त्यांच्या नावानं मी गोळ्या घ्यायचे. एकदा आम्हाला दोघींना एकाच वेळी हसू फुटलं. टाके दुखतात म्हणून मी पोट धरून हसत होते आणि त्या पदर तोंडात कोंबून.

हसणं तिथंच थांबलं. मला ताप भरला. पेटीतल्या बाळाला रोज काही तास माणसाच्या उघड्या छातीशी धरायचं असतं, अंगाची ऊब लागली की बाळ वाढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनंच धरायचं असतं, पण आई तापात पडलेली. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, बाळाची आत्या कुठं आहे, त्यांना आत पाठवा. तशा माझ्या वहिनी, माझ्या नावानं, माझ्या मुलीला छातीशी धरायला आत गेल्या.

मी काचेतून बघितलं होतं एकदा, दादाच्या खांद्याला धरून. वहिनी आरामखुर्चीत मागं टेकून बसल्या होत्या. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, आणि झग्याच्या आत माझी पोर, फक्त टोपी दिसत होती. वहिनींचे डोळे मिटलेले होते. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, गाणं होतं की नुसतंच बोलणं, कळलं नाही. त्यांच्या तोंडावर मी असं काही त्याआधी बघितलं नव्हतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्याच्या आत एक घाणेरडी गोष्ट होती, ती म्हणजे मला राग आला होता. माझी जागा होती ती. जिनं माझ्यासाठी स्वतःचं नाव उतरवून दिलं तिचा मला राग आला, तो कुणाला दिसू नये म्हणून मी दादाला म्हणलं, चल, चक्कर येतीय.

मुलगी जगली. सिस्टर म्हणाली, आत्याच्या उबेनं जगली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी आलो तर दुसऱ्याच आठवड्यात आशाताई दारात. तिच्या यादीत आमच्या घरात एक बाळंतीण निघाली होती, वहिनींच्या नावाची. गावात काय झालंय ते तिला चांगलं माहीत होतं, ती आमच्याच वस्तीतली. पण यादीत जे आलंय ते आलंय. लसीचं कार्ड वहिनींच्या नावानं निघालं. अंगणवाडीतून स्तनदा मातेचं आहाराचं पाकीट त्यांच्याच नावानं यायचं आणि सही त्यांनाच करावी लागायची. पहिलं पाकीट घेऊन त्या आत आल्या, त्याची लापशी शिजवली, तूप घातलं आणि वाटी माझ्या पुढं ठेवून म्हणाल्या, खावा, माज्या बाळंतपणाचं हाय. मी खाल्लं. त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले.

लसीला पोरीला त्याच न्यायच्या. इंजेक्शन दिल्यावर पोर रडायची ती त्यांच्या खांद्यावरच गप व्हायची. गावातल्या बाया दारात टेकून म्हणायच्या, बघा, खरी आई कोण हे पोरीलाच कळंना. चेष्टेत म्हणायच्या. वहिनी लगेच पोर माझ्याकडं द्यायच्या. मीही लगेच घ्यायचे. जरा जास्तच लगेच.

आणि आईची भांडी आता वाजत नव्हती. ती सुनेशी गोड बोलायला लागली होती. मला ते बघवत नव्हतं. कागदावरच्या नातीनं जे केलं ते नऊ वर्षांत ह्या बाईच्या कष्टानं झालं नव्हतं.

तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी मुलीला हर्निया असल्याचं सांगितलं. कमी दिवसांच्या बाळांना होतो, घाबरू नका, पण ऑपरेशन लागेल, लांबवू नका. पुन्हा तोच प्रश्न. नवरा आता ठाम होता. तो म्हणाला, एकदा तुमचं ऐकलं, आता माझ्या मुलीचं ऑपरेशन माझ्या कार्डावर होईल. आता त्याच्या कार्डावर मुलीचं नाव चढवायला जन्मदाखला लागणार, आणि जन्मदाखल्यात ती दादाची आणि वहिनींची. सासूबाईंनी फोनवर कानडी सोडून सरळ मराठीत विचारलं, आमची नात आमची हाय का न्हाय ते तरी सांगा. हद्दीच्या अलीकडं पोर दुसऱ्याची होती आणि पलीकडं ती कुणाचीच नव्हती. अलीकडं ऑपरेशन करायचं तर पुन्हा वहिनींच्या नावावरच, आणि मग ती गाठ कधी सुटलीच नसती.

उमरग्याच्या कोर्टाच्या आवारात एक वकील दादाच्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, आणि आधी दादाला चार शब्द सुनावले. ते बरोबरच होतं. मग म्हणाले, गडबडीत नजरचुकीनं नावं चुकली असं लिहू, पण नुसतं तुम्ही म्हणून चालणार नाही. कागदावर जी आई आहे तिनं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागेल, की हे मूल तिचं नाही. आणि तिला मूल झालेलंच नाही याचा काही डॉक्टरी पुरावा असेल तर काम लवकर होईल.

दादा खाली बघत होता. मी म्हणणार होते की दुसरा काही मार्ग असेल तर बघा. खरंच म्हणणार होते. पण त्याआधी वहिनीच बोलल्या.

"पुरावा लई हाय माज्याकडं," त्या म्हणाल्या. "सोलापूरचा हाय, लातूरचा हाय. कुठला पायजे?"

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या फायली कापडी पिशवीत घालून घेऊन आल्या. सोनोग्राफ्या, तपासण्या, इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या. ज्या कागदांना त्यांनी इतकी वर्षं एकच प्रश्न विचारला होता, त्यांचं उत्तर आता आम्हाला पाहिजे होतं. वकिलांनी त्यातले दोन घेतले, बाकीचे परत पिशवीत घातले. वहिनी त्या फायली एकावर एक नीट लावून घेत होत्या. मी पोरीला या मांडीवरून त्या मांडीवर घेत राहिले.

नोटरी साहेब वऱ्हांड्यात टेबल टाकून बसायचे. वयस्कर माणूस, कान जरा जड, त्यामुळं आवाज मोठा. त्यांची पद्धत होती की प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि माणसाच्या तोंडून हो म्हणवून घ्यायचं, नंतर कुणी म्हणायला नको की मला माहीत नव्हतं. पद्धत चांगलीच आहे. आजूबाजूला बाकांवर माणसं बसली होती, जमिनीच्या दाव्यातली, सोडचिठ्ठीतली. आमच्या शेजारच्या गावची एक बाई पण होती.

नोटरी साहेबांनी वाचलं. नाव, वय, राहणार. मग, "मी प्रतिज्ञेवर कथन करते की, माझ्या विवाहापासून आजतागायत मला एकही अपत्य झालेले नाही. सदर बालिकेस मी जन्म दिलेला नाही व ती माझी मुलगी नाही." वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "बाई, ऐकलं का सगळं? ही मुलगी तुमची आहे का?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. बाकांवरची माणसं आता इकडंच बघत होती. नोटरी साहेबांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी आणखी मोठ्यानं विचारलं. दादा वऱ्हांड्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभा राहिला.

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "माजी न्हाय. मला मूल झालं न्हाय."

शेजारच्या गावची बाई चुकचुकली. नोटरी साहेबांनी शिक्का मारला. वहिनींनी सही केली, नेहमीसारखी सावकाश, एकेक अक्षर जोडून. नऊ वर्षं लोक हे त्यांच्या पाठीमागं म्हणत होते. शपथेवर, चारचौघांत, त्यांच्या स्वतःच्या तोंडून ते मी वदवून घेतलं होतं. आईनं नाही, दादानं नाही. पोर माझी होती, गरज माझी होती.

काम झालं म्हणून दादा वकिलांबरोबर झेरॉक्स काढायला गेला. आम्ही दोघी आवारातल्या लिंबाखाली पारावर बसलो. पोरीला भूक लागली होती, मी तिला पदराखाली घेतलं. मला काहीतरी बोलायचं होतं. डोहाळजेवणाचं बोलायचं होतं, काचेतून बघितलं त्या दिवसाचं बोलायचं होतं. शेवटी एवढंच निघालं, वहिनी, रागावलात का माझ्यावर?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. थोडा वेळ पिशवीचे बंद गुंडाळत बसल्या.

"राग न्हाय ओ ताई," त्या म्हणाल्या. "त्यांनी पयल्यांदा इचारलं ना, मुलगी तुमची हाय का म्हणून. तवा माज्या तोंडात व्हय आलतं. आपसूक आलतं. म्हणून म्या बोलले न्हाय. दुसऱ्यांदा इचारूस्तोवर गिळलं."

पोरीचं पिऊन झालं होतं. ती पदरातून डोकं बाहेर काढून त्यांच्याकडंच बघत होती, आणि त्या तिच्याकडं बघायचं टाळत होत्या, रस्त्याकडं नजर लावून. घ्या की हिला थोडा वेळ, एवढंच मला म्हणायचं होतं. दोन दिवसांनी मी पोरीला घेऊन सासरी जाणार होते. नवीन दाखला निघणार होता, त्यात माझं नाव, तिच्या बापाचं नाव, सगळं जागच्या जागी. माझं काही कमी होणार नव्हतं. पोर हात हलवत होती आणि वहिनींचे हात मांडीवर रिकामे होते.

मला भीती वाटली. कसली ते विचारू नका. मी पदर सारखा केला आणि पोरीला माझ्याकडं वळवून आणखी जवळ धरलं.